धरसोड

१८ जून २००१, सोमवार

आजपासून मी काउन्सेलर. स्वतंत्र खोली, टेलिफोन, फिरती खुर्ची आणि दारावर नावाची पाटी. पाटीवाल्याने कुमुद खांबेटेचं कुमुद खंबाटा करून टाकलं आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी मी पारशी झाले. बदलून देऊ म्हणाले आहेत.

इन्स्टिट्यूटचं नाव लांबलचक इंग्रजी आहे आणि शेवटी ‘व्हॅली’ येतं. गुडगावच्या पुढे, हायवे सोडून आत, मोहरी निघून गेलेल्या शेतांमध्ये. दरी म्हणावी तर टॉवरांच्या पायासाठी खणलेले खड्डे तेवढे आहेत. पण इमारत नवी आहे, काचा निळ्या आहेत आणि माझ्या खोलीत कूलर आहे. पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्म काढला, तिथे पंखासुद्धा मुलांच्या डोक्यावर असायचा, माझ्या नाही.

ती शाळा मी मार्चमध्ये सोडली. नव्या मुख्याध्यापिकेने माझा दहावीचा वर्ग काढून पाचवीचा हातात दिला, त्याच दिवशी राजीनामा तिच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले. निवृत्तीला थोडंच राहिलंय, जरा दम धर, असं सगळ्यांनी सांगितलं. ज्याचा त्याचा स्वाभिमान असतो. तो विषय या डायरीत पुन्हा आणायचा नाही.

हे म्हणाले, “काउन्सेलिंग म्हणजे सीटवाटप. इंजिनिअरिंगचं घे, मेडिकलचं घे, सगळीकडे तेच. तुला सीटा भरायला बसवलंय.” यांची हयात शिक्षण खात्याच्या फायलींत गेली. रिटायर झाले तरी शेरे मारायची सवय जात नाही. मी शब्दकोश काढून दाखवला. समुपदेशक म्हणजे गोंधळलेल्या विद्यार्थ्याला वाट दाखवणारा. उपदेश तर त्या शब्दातच आहे, आणि तो करण्यात माझा हात कोण धरणार?

डायरेक्टर ढींगरासाहेब पूर्वी प्लॉट विकायचे. इंटरव्ह्यूत त्यांनी एकच विचारलं, “मराठी फर्राटेदार बोल लेती हैं ना?” मराठी मुलांची एवढी काळजी असलेला पंजाबी माणूस मी पहिल्यांदा पाहिला. ही डायरीही त्यांनीच दिली.

४ जुलै

मुलं अजून आलेली नाहीत, म्हणून सध्या पालकांचं समुपदेशन चालू आहे. सकाळी रिसेप्शनची डॉली नावं आणि फोन नंबर आणून देते. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर. बारावी झालेली मुलं आणि त्यांचे भांबावलेले आईबाप. मी फोन लावते, मराठीत बोलते, आणि पलीकडचा माणूस आधी गप्पच होतो. दिल्लीहून कोणी ‘नमस्कार, जेवण झालं का?’ विचारेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

आज परभणीचं एक कुटुंब. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, मुलगा अंबादास. वडील म्हणाले, दिल्ली लांब आहे, तिथं आपलं कोण आहे? मी म्हटलं, “मी आहे ना.” मग त्यांनी बायकोला, कौशल्याबाईंना, फोन दिला. त्यांना मी विचारलं, पोराला खायला काय आवडतं? धपाटे म्हणाल्या. वर दही, लसणाची चटणी, कोवळी काकडी, सगळं सांगितलं. बराच वेळ सांगत होत्या. शेवटी वडील परत फोनवर आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही म्हणता तर पाठवतो.”

मला भरून आलं. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण ‘बाई, तुम्ही म्हणता तर’ असं शेवटचं कोणी म्हटलं होतं ते आठवेना.

ढींगरासाहेबांनी काजूकतलीचा डबा पाठवला. म्हणाले, “मॅडम, आपकी आवाज़ में माँ है.” घरी डबा उघडला तर यांनी एक तुकडा उचलला आणि विचारलं, मान्यता आहे का इन्स्टिट्यूटला? मी म्हटलं, तोंड गोड करा आधी.

३० जुलै, सोमवार

अंबादास आला. उंच, काटकुळा, खांद्यावर बॅग आणि हातात आईने दिलेला पत्र्याचा डबा. ऑफिसात मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जमा करून घेतला. इथे सगळ्यांचेच मूळ कागद तिजोरीत ठेवतात. हॉस्टेलात हरवण्यापेक्षा बरं.

मग तो माझ्याकडे आला आणि सगळ्या रिसेप्शनसमोर वाकून पाया पडला. “बाई, आईनं सांगितलंय, बाईंना विचारल्याबिगर काही करू नको.”

डॉली खो खो हसत सुटली. म्हणाली, “मॅम, ये आपको बाई बोल रहा है? हमारे यहाँ तो बाई बर्तन माँजती है!” शिपाई हसला. दोन लेक्चरर उभे होते, तेही हसले. माझे कान तापले. शाळेत बाई म्हणजे काय असतं ते या लोकांना कुठून कळणार? पण हसं झालं ते झालंच.

मी अंबादासला खोलीत नेऊन समजावलं की इथे बाई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. त्याने मान हलवली. “बरं बा—” म्हणाला आणि थांबला. मग “बरं, मॅडम,” म्हणाला. गुणी मुलगा आहे, एकदा सांगितलं की पुरतं.

१० ऑगस्ट

वीज नाही, कूलर नाही, सोसायटीची लिफ्ट अजून बसलेली नाही. पाच मजले चढून आले आणि लिहायला बसले.

अंबादास आज दार लोटून आत आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. मग म्हणाला, “मॅडम, मला इथं करमंना.”

मी म्हटलं, करमंना नव्हे, ‘करमत नाही’ म्हण. बोली घरी ठेवायची. चार लोकांत वावरायचं तर भाषा स्वच्छ हवी. त्याने नीट म्हणून दाखवलं, “मला इथे करमत नाही.” मी शाबासकी दिली. त्या क्रियापदाला हिंदीत शब्द नाही, इंग्रजीत तर नाहीच, हेही सांगितलं. त्याला आवडलं असावं. ऐकत होता.

नंतर तो वर्कशॉपबद्दल काहीतरी विचारत होता. माहितीपत्रकात लेथ मशीन आहे, इथे त्या खोलीला कुलूप आहे, वगैरे. मी म्हटलं, नवं लग्न झालेल्या घरात पहिल्या दिवशी सगळी भांडी असतात का? तो हसला आणि उठून गेला. पहिलं खरं समुपदेशन पार पडलं. आपल्याला हे जमतंय.

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मराठी मुलांना घरी बोलावलं होतं. बाकीचे आरती करून, मोदक खाऊन टीव्हीपुढे बसले. अंबादाससाठी धपाटे केले होते. पहिला घास घेतला आणि तो खाली बघून खात राहिला. मिक्सर चार दिवस बंद पडलेला, तो त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला, काहीतरी साफ केलं आणि चालू करून दिला. त्या वेळी त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. सुधन्वा असाच घड्याळं उघडायचा. फक्त तो परत जोडायचा नाही.

सुधन्वाचं नाव आलंच आहे तर लिहिते. आमच्या चिरंजीवांनी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, मग फोटोग्राफी सोडली, मग हॉटेलातली नोकरी सोडली. आता बंगलोरला स्वतःची कसलीशी कंपनी आहे. यांच्या मोतीबिंदूच्या वेळी येऊन सगळं बघून गेला, नाही असं नाही. पण फोन करतो तो यांना करतो. माझ्याशी ‘कशी आहेस, बरी आहेस ना’ याच्या पुढे गाडी जात नाही. मी त्याला एवढंच म्हणत आले की धरसोड बरी नव्हे. आईने हेही म्हणायचं नाही का?

जेवणं झाल्यावर हे आणि अंबादास बाल्कनीत उभे होते. मी वाटीत सुपारी घेऊन गेले तेव्हा कळलं की औरंगाबादच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये त्याचं नाव वेटिंगमधून वर आलंय. मेकॅनिकल. वडिलांचा फोन आला होता. पाच सप्टेंबरच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. हे त्याला म्हणाले, “जा बाळ. सरकारी ते सरकारी. तिकिटाचं मी बघतो.”

मुलगा पाच दिवस हे मनात घेऊन फिरत होता आणि सांगितलं कोणाला, तर यांना. मी मुद्दाम विचारलं, मला का नाही सांगितलंस? “सांगणार होतो, मॅडम,” म्हणाला.

काउन्सेलर मी की हे?

२७ ऑगस्ट

ढींगरासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना औरंगाबादचं आधीच कळलं होतं. एक गेला की मागून चार जातात, मॅडम, म्हणाले. मग फार समंजसपणे बोलले. “आप उसे काउन्सेल कीजिए. फिर भी जाना चाहे तो मैं रोकूँगा नहीं. आप कह देंगी तो उसी दिन मार्कशीट दे दूँगा. बस आपके कहने पर.”

म्हणजे सगळं माझ्यावर सोपवलं. एवढा विश्वास त्या मुख्याध्यापिकेने कधी टाकला नाही.

मी नीट विचार केला. इथे चार वर्षांचा कोर्स आहे. माहितीपत्रकात ‘बी.टेक. समकक्ष’ लिहिलंय. तिकडे डिप्लोमा. समकक्ष म्हणजे बरोबरीचा. मग बरोबरीचं हातात असताना खाली का उतरायचं? यांना म्हटलं तर यांनी फक्त विचारलं, “समकक्ष कोणी ठरवलं?” यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

२९ ऑगस्ट, बुधवार

आजचं सविस्तर लिहायला हवं, कारण आज मी माझ्या कामाला शोभेल असं काम केलं.

अंबादास अकराला आला. बॅग भरून झाली होती, हॉस्टेलच्या मुलांनी सांगितलं. त्याला फक्त गुणपत्रिका हवी होती. मी दार लावून घेतलं, त्याला पाणी दिलं आणि आधी त्याला बोलू दिलं. म्हणाला, तिथं वर्कशॉप चालू आहे, डेपोतले दोन जण तिथंच शिकलेले आहेत, घरून रात्रीच्या गाडीनं जाता येतं. सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं.

मग मी विचारलं, डिप्लोमा करून वडिलांसारखा पाना हातात घेणार का?

तो गोरामोरा झाला. म्हणाला, “पान्यात वाईट काय आहे, मॅडम?”

वाईट काही नाही, मी म्हटलं. पण वडिलांनी तुला दिल्लीला पाठवताना अख्ख्या डेपोला सांगितलं असेल. महिन्याभरात बॅग घेऊन परत उतरलास तर त्यांना काय वाटेल? त्याची मान खाली गेली. वर्गात नेम बरोबर लागला की मला कळतो, तसं कळलं. मी सांगितलं, आज हे सोडशील, उद्या ते सोडशील. धरसोडीची चटक लागते. माझ्या घरात बघितलंय मी. आणि मग एक वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. “धरलं ते तरलं, सोडलं ते बुडालं.” म्हण नाही ही, माझी आहे. पण म्हणीसारखी वाटते.

शेवटी त्याने मान वर केली. “मॅडम, एवढंच सांगा. इथली मान्यता पक्की आहे ना?”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “मी आहे ना.”

बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काही नाही, क्रेन आहे एक. मग म्हणाला, “आईनं तुम्हाला विचारूनच करायला सांगितलंय.” आणि भरलेली बॅग परत सोडायला गेला.

ढींगरासाहेबांना सांगितलं. त्यांनी उठून हात जोडले. पुन्हा काजूकतली.

घरी यांना सांगितलं तर हे उठले. चप्पल घालून खाली फिरायला गेले. पाच मजले उतरून.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलांनी गुलाब दिले, ढींगरासाहेबांनी भाषण केलं, मला स्टेजवर बसवलं. मुख्याध्यापिकेने हे पाहायला हवं होतं.

अंबादासनेही गुलाब दिला. डोळे लाल होते. हरयाणाची धूळ सोसत नाही बऱ्याच मुलांना. मी गुलाबपाणी घालायला सांगितलं. दुपारी एसटीडी बूथवर उभा दिसला, फोन हातात आणि नंबर न फिरवता. घरची आठवण येत असेल. आजचा दिवस गेला की औरंगाबादचा विषय संपेल आणि अभ्यासाला लागेल.

१९ नोव्हेंबर

दिवाळीत सुधन्वा येणार होता, आला नाही. यांना फोन आला. मी आत फराळ बांधत होते.

हे आज जुन्या ऑफिसात गेले होते. माझ्या नकळत. तिथे त्यांचा कोणी जुना ज्युनिअर आहे, त्याला विचारलं. परत आले आणि बूट न काढताच म्हणाले, “मान्यता नाही. नाकारलेलीसुद्धा नाही. अर्जच केलेला नाही.”

मी चिडले. खूप चिडले. आयुष्यभर दुसऱ्याच्या कागदावर शिक्के मारलेत, म्हणून शिक्का नाही तिथे माणूसच नाही असं वाटतं तुम्हाला, असं म्हणाले. आणखीही बोलले. हे म्हणाले, “कुमुद, निदान त्या पोराला सांग.” त्यांनी नावाने हाक मारली की मला धडकी भरते.

२० नोव्हेंबर

ढींगरासाहेबांना विचारलं. घाबरत घाबरत नव्हे, स्पष्ट विचारलं. “मॅडम, अप्रूव्हल पाइपलाइन में है,” म्हणाले. पाइपलाइनमध्ये आहे म्हणजे येणार. आमच्या सोसायटीचं पाणीही अजून पाइपलाइनमध्येच आहे, म्हणून कोणी घर सोडून गेलेलं नाही.

अंबादासला सांगितलं नाही. आता सांगून उपयोग काय? औरंगाबादची जागा तर गेली. उगीच पोराच्या जिवाला घोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली आहे. माझी.

२१ जानेवारी २००२

ज्या दूरच्या विद्यापीठाच्या नावावर परीक्षा होणार होती, त्यांनी कळवलं की ही मुलं आमची नव्हेत. परीक्षा नाही.

सकाळपासून मुलं हिरवळीवर बसली होती. काही आईबापही आले होते. घोषणा, रडारड, दोन काचा फुटल्या. ढींगरासाहेब मागच्या दाराने गेले आणि जाताना मला म्हणाले, “मॅडम, काउन्सेल करिए इन्हें.”

मी गेले. कोणी म्हणू नये की कुमुद खांबेटे लपून बसली. पायऱ्यांवर उभी राहून बोलू लागले, धीर धरा, मार्ग निघेल. अंबादास ओरडणाऱ्यांत नव्हता. कडेला उभा होता. माझं संपल्यावर पुढे आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, मी विचारलं होतं. तुम्ही ‘आहे’ म्हणाला होतात.”

मी म्हटलं, “मी ‘मी आहे ना’ म्हटलं होतं, अंबादास. ‘मान्यता आहे’ असं मी म्हटलेलं नाही.”

आणि ते खरंच आहे. कर्ता कोण, हे वाक्यात बघायला नको का? मी आहे म्हटलं, आणि मी होतेच की तिथे उभी. तो माझ्याकडे पाहत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने वाक्य समजल्यासारखी मान हलवली.

संध्याकाळी परभणीहून वडिलांचा फोन आला. पेपरात आलं होतं म्हणे. “बाई, पोराला सांभाळा,” म्हणाले. मी आहे ना, असं तोंडातून निघून गेलं. सवयीने.

फार वाईट वाटतंय. जेवण गेलं नाही.

२८ जानेवारी

अंबादासची गुणपत्रिका तरी द्या, असं ढींगरासाहेबांना सांगायला गेले. तुम्हीच म्हणाला होतात, माझ्या एका शब्दावर द्याल. ते हसले. “तब कहतीं तो दे देता.”

२६ फेब्रुवारी

पुढच्या वर्षाचे फोन सुरू झाले आहेत. परीक्षा नाही, पण प्रवेश आहेत. इमारतीचं नाव बदलणार आहेत, ‘व्हॅली’ काढून ‘व्हिस्टा’.

आज वाशिमच्या एका आईने मध्येच विचारलं, “बाई, खरं सांगा, पाठवू का?” मी ‘नंतर लावते’ म्हटलं. फोन ठेवला. नंतर पुन्हा लावला नाही.

ढींगरासाहेब म्हणाले, “आपकी आवाज़ में अब वो बात नहीं रही.” मार्चअखेरपर्यंत बसा म्हणाले. मी म्हटलं, मार्चपर्यंत कशाला, आजच सोडते. पर्स उचलली आणि आले. ज्याचा त्याचा स्वाभिमान असतो.

यांनी चहा करून दिला. “सोडलंस ना, बरं केलंस,” म्हणाले. मला त्यांच्या समजूतदारपणाचा कधीकधी फार राग येतो.

१७ जून २००२, सोमवार

बरेच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. सोसायटीची लिफ्ट सुरू झाली. सुधन्वा एप्रिलमध्ये येऊन गेला.

सोसायटीतल्या बायका शिकवणी घ्या म्हणतायत, त्यासाठी अनुभवाचं सर्टिफिकेट हवं होतं म्हणून आज ‘व्हिस्टा’त गेले. डॉलीने बसायला सांगितलं. माझ्या जुन्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून मराठी ऐकू येत होतं. स्वच्छ मराठी. बोलीचा कुठे वासही नाही.

“काका, दिल्ली लांब आहे, मान्य. पण मुलाला धरसोडीची चटक लागू देऊ नका. धरलं ते तरलं, सोडलं ते बुडालं, असं जुनी माणसं म्हणायची. आणि इथे मी आहे ना.”

मी दारात उभी राहिले. अंबादास होता. पांढरा शर्ट, निळा टाय, अंगाने थोडा भरलेला. पाटीवाल्याने त्याच्या नावाचे दोन तुकडे करून त्याला बंगाली केलं आहे. मिस्टर ए. दास, काउन्सेलर. त्याने मला पाहिलं, हाताने खुर्ची दाखवली, बोलणं पुरं केलं आणि मग फोन ठेवला.

“या मॅडम.”

मी म्हटलं, “तुला लाज नाही वाटत?”

“वाटते,” तो म्हणाला. अगदी शांतपणे. “गुणपत्रिका तिजोरीत आहे. सर म्हणाले, या वर्षीच्या सीटा भर, मग देतो. बाबांना नोकरी लागली असं सांगितलंय. त्यांनी डेपोत पेढे वाटले. आता परत कसा जाऊ? धरसोड नको.”

हे तो मला टोचायला म्हणाला की खरंच म्हणाला, ते मला कळलं नाही. पूर्वी कळायचं.

मी त्याला सांगणार होते की उठ, गुणपत्रिका गेली खड्ड्यात, दुसरी काढता येते, बोर्डात अर्ज करता येतो, हे करून देतील. यांनी मला हे जानेवारीतच सांगितलं होतं. सांगणारच होते. तेवढ्यात तो पुढे वाकला, हनुवटीखाली हात घेतला, शाळेत पहिल्या बाकावरची मुलं घेतात तसा.

“एक अडतंय. बाप लोक ऐकतात. आयांचं जमत नाही. आई विचारते, पोरगं तिथं आजारी पडलं तर कोण? तिथं माझा आवाज बसतो. तुम्ही काय सांगायचात?”

उठायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत कोणी मला काही विचारलंच नव्हतं. घरी सगळे मला सांगतात.

मी म्हटलं, “आईला उत्तर द्यायचं नसतं. तिलाच विचारायचं, त्याला खायला काय आवडतं. मग आपण गप्प बसायचं. ती सांगत राहते. सांगून संपेपर्यंत तिने मनातल्या मनात त्याला इथे जेवायला वाढलेलं असतं.”

तो काही वेळ माझ्याकडे पाहत राहिला. धपाटे त्याला आठवले असतील का? असतील. मग त्याने मान हलवली आणि माझ्यासमोरच एक नंबर फिरवला. कुठल्या तरी जालन्याच्या बाई होत्या. “काकू, त्याला जेवायला काय आवडतं?” त्याने विचारलं आणि रिसीव्हर थोडा लांब धरला. पलीकडून बोलणं सुरू झालं ते थांबेना. भरलं वांगं, आणखी काय काय. आम्ही दोघं ऐकत बसलो.

सर्टिफिकेट घेऊन निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. डॉली समोरच होती, शिपाईही होता.

“थँक्यू, बाई,” तो म्हणाला.

डॉली हसली नाही. तिला आता सवय झाली असेल, किंवा तिने ऐकलं नसेल. घरी आले, लिफ्टने वर आले, यांना म्हटलं, सर्टिफिकेट मिळालं. दुसऱ्या गुणपत्रिकेच्या अर्जाचं काही विचारलं नाही. जवळजवळ वर्षाने तो मला बाई म्हणाला. खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटलं.